वच्छलाचा कारध्या

माझ्या बायकोनं माझ्या हाती सगळं दिलं, फक्त जनावरं दिली नाहीत. घर दिलं, पोरगं दिलं, अंगावरचे दागिने माझ्याजवळ ठेवून बिनघोर माहेरी गेली. पण मांजराच्या वाटीत दूध ओतायचं काम तिनं मला चौदा वर्षं करू दिलं नाही. तिचं बरोबर होतं. का बरोबर होतं ते मी लिहून ठेवतो. शेवटी तिनं जनावरं माझ्या हाती सोपवली की नाही, तेही लिहितो. आता तिला जाऊन दोन हिवाळे झाले. खोटं बोलून मला काही मिळायचं नाही.

तिचं नाव वच्छला. माहेर लाखांदूरकडचं, धानाच्या शेतीवाल्यांचं. मी आंधळगावचा, मागावर बसणारा. माझा बाप मागावर बसला, त्याचा बाप बसला, मी चौथी अर्धी सोडून बसलो. लग्न होऊन आली तेव्हा तिला चिखलात धान रोवता यायचं, पण सुताचं काही ठाऊक नव्हतं. माझ्या आईनं तिला कांड्या भरायला शिकवलं. चरखा फिरवून कांडीवर सूत गुंडाळायचं, मग ती कांडी धोट्यात घालून मी लुगडं विणायचं. वच्छला कांड्या भरायची, पण सैल. मी ओरडायचो. ती म्हणायची, "माग तुमचा, सूत सेठचं, लुगडं दुसरीच्या अंगावर. मी कायले आवळून भरू?"

मी ती सैल कांडीच धोट्यात घालायचो. 

मग गावच्या दवाखान्यात एक नर्सबाई बदलून आली. ती रिकाम्या वेळात लोकरीचं विणायची. वच्छला डोकं दुखते म्हणून गोळी आणायला गेली आणि सुया बघून तिथंच बसली. आठ दिवस रोज डोकं दुखलं. नवव्या दिवशी घरी आली ती हातात दोन सुया आणि हिरव्या लोकरीचा गुंडा घेऊन. माझ्या आईनं कपाळाला हात लावला. हजार ताराचा माग ज्या घरात चालतो, त्या घरची सून दोन काड्यांनी विणणार! मी पण हसलो. म्हणालो, "माझ्या लुगड्यात हजार धागे हाय, तुझ्यात किती?"

"एक," ती म्हणाली. "तुमचा एक तुटला तं गाठ मारता अन् पुढं जाता. माझा तुटला तं सगळंच गेलं. म्हून मी जपून विणते."

आमच्याकडं थंडी म्हणजे दोन महिने. बाकी वर्षभर माणूस पापडासारखा वाळतो. पण ती बारा महिने विणायची. मे महिन्यात कडुनिंबाखाली पदर ओला करून डोक्यावर घ्यायची आणि मांडीवर लोकरीचं ओझं. मी म्हणायचो, अवं, पाहूनच घाम येते. ती म्हणायची, "थंडी काय पत्र धाडून येते?" नवी लोकर क्वचित. लोकांचे जुने स्वेटर उसवून, धुवून, त्याचीच लोकर पुन्हा विणायची. गुंडा तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, झाकणाला भोक पाडून धागा वर काढलेला. नाही तर मांजर गुंडा पळवायची.

मापाची टेप तिनं कधी हातात धरली नाही. ती वितीनं मापायची, आणि तेही समोरच्याला न सांगता. कोणी दारात आलं की पाठीवरून हात फिरवत, "किती वाळला रे बाबू," असं म्हणायची. माणसाला वाटायचं, बाई किती मायेची. ती माप घेत होती. महिन्याभरानं त्याच्या हातात स्वेटर. दूधवाल्याला दिला, आंधळगाव-भंडारा एसटीच्या कंडक्टरला दिला. त्या कंडक्टरच्या स्वेटरची गोष्ट पुढं येते, ती मला महागात पडली. आणि माया नव्हती असं मी म्हणत नाही. ती पण असायची.

जनावरांचं म्हणाल तर ती आणायची नाही, ती आपोआप यायची. बाकीच्या घरांसमोरून जायची आणि आमच्या ओट्यावर बसायची. कोणाच्या कानात किडे, कोणाची शेपटी चिरडलेली. मी हाकलायला काठी उचलली की ती मध्ये उभी. तिचं एकच वाक्य होतं, "जीव हाय ना त्याले." हे वाक्य ती कुत्र्याबद्दल बोलायची, मुंगीबद्दल बोलायची आणि एकदा माझ्या बहिणीनं माझ्याबद्दल तक्रार केली तेव्हा माझ्याबद्दल बोलली.

गोंदिया आमच्या भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दोनेक वर्षांनंतरची गोष्ट. घरात ढवळी नावाची पांढरी मांजर होती. आमचा माग खड्ड्याचा. विणकर वर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, तिथं पायानं दाबायच्या पावड्या असतात. हिवाळ्यातल्या सकाळी मी बसलो, पाय खाली सोडला, आणि कोणीतरी पायाचं मांस ओढून घेतलं. मी बोंब मारली. वच्छला कंदील घेऊन आली, खाली वाकली आणि उठली ती हसतच.

"पाय वर घ्या. बाळंतीण हाय."

चार पिलं. डोळे मिटलेली, उंदरासारखी. मी म्हणालो, उचल अन् ठेव दुसरीकडं. ती म्हणाली, "बाळंतिणीले कोणी जागेवरून हलवते का? डोळे उघडू द्या त्यायचे."

"सेठचं लुगडं द्यायचं हाय वं बाजाराच्या दिवशी!"

"सेठले सांगा, मागावर बाळंतपण चालू हाय."

अकरा दिवस माग बंद. समोरच्या घरातली मथुराबाई, वच्छलाची मैत्रीण, तोंड पदरात धरून डिंकाचे दोन लाडू घेऊन आली. "बाळंतिणीसाठी वो," म्हणाली. लाडू मी खाल्ले. सेठला मी खरं तेच सांगितलं, दुसरं सुचलंच नाही. पुढं कितीतरी दिवस बाजारात लोक मला विचारायचे, "का जी, मुलगा का मुलगी?"

हे मी हसून सोडलं. पण उन्हाळ्यात, पिलं गावात वाटून झाल्यावर, मागावर रेशमी काठाचं लुगडं चढलं होतं आणि ढवळीनं ताण्यावर, म्हणजे ताणलेल्या उभ्या तारांवर, उडी मारली. नखं अडकली, ती घाबरली, जेवढी घाबरली तेवढी ओढली. किती तारा तुटल्या ते मोजलं नाही. दोन दिवस मान मोडून एकेक तार सांधत बसलो. तिसऱ्या दिवशी वच्छला मथुराबाईकडं वड्या घालायला गेली, तेव्हा मी ढवळीला पोत्यात कोंबलं.

आमच्याकडं म्हणतात, मांजर कुठंही सोडा, घर शोधत येते, पण नदी ओलांडून येत नाही. म्हणून तिला वैनगंगेपलीकडं न्यायचं मी ठरवलं. लुगड्याच्या गठ्ठ्याबरोबर पोतं घेऊन एसटीत बसलो. कंडक्टर तोच, वच्छलाचा स्वेटर मिळालेला.

"काकाजी, पोत्यात काय हाय?"

"कोंबडी."

तेवढ्यात पोतं ओरडलं. सगळी एसटी माझ्याकडं पाहायला लागली.

"कोंबडीले सर्दी झाली वाटते," कंडक्टर म्हणाला आणि तिकीट फाडून पुढं गेला.

भंडाऱ्याला उतरून पुलावरून पलीकडं कारधा गावाला गेलो. तिथं नदीकाठी डोंगे बांधलेले असतात, मासोळ्या सुकत असतात. मनाला म्हटलं, मासोळीच्या गावात सोडतो, उपाशी मरायची नाही. पोतं उघडलं, मांजर सोडली, परत आलो. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं.

घरी वच्छला म्हणाली, "ढवळी दिसून नाही राहिली."

"असंल कुठी," मी म्हणालो.

दोन दिवस ती हाक मारत गल्ल्या फिरली. मी माग चालवत होतो, धोटा जोरात मारायचो म्हणजे हाक ऐकू येऊ नये. तिसऱ्या दिवशी ती लाखांदूरला भावाकडं जायला निघाली. एसटीत चढली तर कंडक्टर विचारतो, "मावशी, काकाजीची कोंबडी बरी झाली का?"

"कोणती कोंबडी?"

त्यानं हसत हसत सगळं सांगितलं. त्याला वाटलं, घरात ठाऊक आहे. वच्छला लाखांदूरला गेलीच नाही. भंडाऱ्याला उतरली आणि पायी कारध्याला. दिवसभर घरोघरी पांढरी मांजर विचारली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या पिशवीतून एक कुत्र्याचं पिल्लू डोकं काढून पाहत होतं. मागचा एक पाय वाकडा.

ती माझ्यासमोर उभी राहिली. "ढवळी नाही भेटली. हा भेटला. याचं नाव कारध्या."

बस. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडली नाही, रडली नाही. कुत्र्याशी बोलायची. "कारध्या, त्यायले म्हणा, जेवण वाढलं हाय." "कारध्या, त्यायले विचार, भाजीत मीठ कमी झालं का." मी काय कुत्र्याला उत्तर देणार? पण द्यायला लागलो. "कारध्या, मीठ बरोबर हाय म्हणा." आणि प्रत्येक हाकेला मला ती नदी दिसायची. म्हणूनच तिनं ते नाव ठेवलं होतं. चौदा वर्षं दिवसातून वीस वेळा ते नाव माझ्या घरात घेतलं गेलं.

बाराव्या दिवशी माझा धीर सुटला. म्हटलं, हिला खूश करू. ती दळण आणायला गेली होती. अंगणात तिनं उसवून धुतलेली निळी लोकर वाळत होती, सगळी कुरळी, मऊ, दम नसलेली. मी विणकर माणूस. आमच्याकडं ताणा मागावर चढवायच्या आधी गल्लीत लांब ताणतात आणि त्याला तांदळाची खळ लावतात, त्याला पाजणी म्हणतात. खळ पाजली की सूत कडक, सरळ, मजबूत. मी म्हटलं, लोकर पण सूतच. भातावरची पेज घट्ट शिजवली. दोन खांबांमध्ये लोकर ताणली. कुंचा घेऊन अशी मन लावून पाजणी केली की सेठच्या रेशमाला पण कधी केली नसंल.

दुपारच्या उन्हात लोकर वाळली. हात लावला तर तार! मथुराबाईची बकरी आली आणि पेजेच्या वासानं एका बाजूनं चाटायला लागली. कारध्या दुसऱ्या बाजूनं. मी मध्ये उभा, कुंचा हातात.

वच्छला आली. दारातच थांबली. लोकर पाहिली, बकरी पाहिली, मला पाहिलं. एक तुकडा उचलून वाकवला, तो वाकला नाही. मग ती खाली बसली. मला वाटलं, रडते. ती हसत होती. हसून हसून तिचा चष्मा खाली पडला.

"अजी," बारा दिवसांनी पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, "याचा स्वेटर विणू का खाट विणू?"

मी पण हसलो. खूप वेळ हसलो दोघं. मग तिनं डोळे पुसले, चष्मा लावला आणि म्हणाली, "तुमी वाईट नाही. पण जनावर तुमच्या हाती मी देणार नाही. तुमी त्याले नदी दाखवान."

आणि नाही दिलं. तापानं फणफणत असली तरी उठून भाकर कुस्करायची. मी म्हणायचो, दे, मी घालतो. ती म्हणायची, "तुमी नदी दाखवान." पुढं ते आमच्या घरातलं बोलणंच झालं. कोणी कामात लबाडी केली की मथुराबाई पण म्हणायची, नदी दाखवून राहिला का? लोक हसायचे. मी पण हसायचो. पण वच्छला ते बोलताना हसायची नाही.

कारध्या वाढला. दिसायला काही नव्हता, मातीच्या रंगाचा. पण हिवाळ्यात गावात त्याच्यासारखा थाट कोणाचा नव्हता. वच्छलानं उरलेल्या लोकरीच्या पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर त्याला विणला होता, चार बाह्यांचा. तीन बाह्या सारख्या, चौथी आखूड, वाकड्या पायासाठी. त्याला उभं करून वितीनं माप घेतलं तेव्हा तो माणसासारखा सरळ उभा राहिला. दर दोन हिवाळ्यांनी ती तो उसवायची आणि मोठा करायची. मुलगा दिनेश नागपूरला कामाला लागला, लग्न झालं, सून आली. सुनेला वच्छलानं पाठीवरून हात फिरवून जवळ घेतलं. पोरगी बिचारी गहिवरली. मी कानात सांगितलं, "बाई, माप घेऊन राहिली तुही."

मग वच्छलाला धाप लागायला लागली. आधी विहिरीवरून येताना, मग अंगणात, मग नुसती बसल्या बसल्या. विणताना चार टाके घालायची आणि थांबायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, काळजाची झडप खराब आहे, नागपूरला न्या, ऑपरेशन करा, उशीर करू नका. दिनेश म्हणाला, आई, याच आठवड्यात चल. ती म्हणाली, धान निघू दे. आमचं धान नव्हतंच! धान निघालं. म्हणाली, संक्रांत होऊ दे. संक्रांत झाली. तिचे ओठ निळे पडायचे आणि ती म्हणायची, पाहू, होळीनंतर.

एका संध्याकाळी मी दार लावून तिच्यासमोर बसलो. कारध्या तिच्या पायाशी. तो पण म्हातारा झाला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू. घरात एक मांजर होती, मुकी नावाची. तिला आवाजच नव्हता, नुसतं तोंड उघडायची.

"खरं सांग. कायले जात नाही?"

"या दोघायचं काय?"

"मी हाय ना घरी."

"तुमी हाय म्हूनच तं काळजी हाय."

मला राग आला. "चौदा वर्ष झाले वं! एका मांजरीपायी जीव देतं का?"

ती शांतपणे म्हणाली, "मांजरीपायी नाही. पोत्यात कोंबतानी तुमाले काहीच वाटलं नाही. ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी तिकडं दवाखान्यात पडून राहीन अन् मले तेच दिसंल."

तेव्हा मी तिला ते सांगितलं जे कधीच सांगितलं नव्हतं. म्हणालो, "पोतं उघडलं तं ढवळी पळाली नाही वं. बाहेर आली, अंग झटकलं, माझ्या पायाले अंग घासलं अन् तिथंच बसली. तिले वाटलं, मी तिले कुठंतरी घेऊन आलो. मी दोन पावलं चाललो, ती पण चालली. मंग मीच पळालो. पुलावरून पळत आलो. मागं पाहिलं नाही. अन् तू म्हणतं काही वाटलं नाही! त्या दिवसापासून मी मासोळी खाल्ली का घरी?"

 मी घरात मासोळी खात नाही हे तिला दिसत होतं, पण तिला वाटायचं, पोटाला सोसत नाही.

"तवाच सांगाचं नाही का?" ती म्हणाली.

"कोणत्या तोंडानं सांगू?"

तिनं कारध्याच्या कानावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "उद्यापासून शिका."

आठ दिवस तिनं मला शिकवलं. खाटेवर बसून. भात मऊ शिजवायचा, मीठ घालायचं नाही. कारध्याला वाढून समोर उभं राहायचं नाही, त्याला लाज वाटते. पाठ करून बाजूला बसायचं, आणि काहीतरी बोलत राहायचं, नाही तर तो अर्धं सोडून बघत बसतो. मुकीचं कठीण होतं. ती ओरडू शकत नाही, भूक लागली तरी, दारात अडकली तरी. "तिचं तोंड पाहाचं असते. तुमी कधी कोणाचं तोंड पाहता का? नुसते तारा पाहता." मी चुकायचो, ती ओरडायची, ओरडून धाप लागायची, मग मीच म्हणायचो, ओरडू नोको, हातानं दाखव. डोळ्यात औषधाचे थेंब टाकताना मी कारध्याचं डोकं काखेत धरलं तर म्हणाली, "मागाचं लाकूड हाय का ते? हळू. हं. असं."

नवव्या दिवशी म्हणाली, आज मी दिवसभर मथुराकडं राहते, तुमी एकटे पाहा. मथुराबाईचं घर समोरच. मला वाटलं, आराम करायला गेली. दोन पोळ्या भाजल्या, भात केला, पाठ करून बसलो आणि कारध्याला मागाच्या गोष्टी सांगितल्या. दुपारी पाहतो तर कारध्या उठून मथुराबाईच्या खिडकीखाली जाऊन शेपटी हलवून राहिला. खिडकीच्या फटीतून चष्मा चमकला. आत सुया चालल्याचा टिकटिक आवाज. ती सकाळपासून तिथून माझी परीक्षा घेत होती. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मुकीच्या तोंडाकडं पाहिलं, तिनं उघडलं, मी दूध घातलं. जरा जोरातच म्हणालो, "घे माय, घे."

संध्याकाळी ती आली. कारध्याचं पोट दाबून पाहिलं, मुकीचं तोंड हुंगलं.

"काठावर पास," म्हणाली.

चौथी अर्धी सोडलेल्या माणसाचं तेवढंच एक पास आहे.

दिनेशला फोन केला, तो सुनेला घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन आला. मला पण जायचं होतं. ती म्हणाली, "तुमी गाडीत बसले तं मी उतरीन. घरी कोण?" म्हणून मी थांबलो. हे लोकांना कळत नाही. नातेवाईक आजही बोलतात, बायको ऑपरेशनला आणि हा बुढा कुत्र्याजवळ. बोलू द्या.

ऑपरेशन झालं. दिनेश फोनवर म्हणाला, बोलते आहे, कारध्यानं खाल्लं का विचारते आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी परत फोन आला. मी कारध्याला वाढून पाठ करून बसलो होतो. दिनेश रडत होता, पुढचं मी ऐकलं नाही, ऐकायची गरज नव्हती. फोन खाली ठेवला. कारध्या खायचा थांबला होता. मी बोलायचं थांबलो होतो म्हणून. मग मी बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही. त्यानं सगळं खाल्लं, ताट चाटलं, मग मी उठलो आणि मथुराबाईचं दार वाजवलं.

कारध्या पुढचा हिवाळा काढून गेला. मुकी आहे, आता या वहीच्या कोपऱ्यावर बसून तोंड उघडते आहे. थांब माय.

पण मला मेलेली वच्छला लिहायची नाही. तिला आणलं तेव्हाचा चेहरा मी पाहिला, तो तिचा नव्हता. तिचा चेहरा मी शेवटचा पाहिला तो गाडीत, त्या सकाळी.

ती मागच्या सीटवर बसली, सून बाजूला. मी कारध्याला धरून दारात उभा. ती कुठंही जायची तेव्हा वळणापर्यंत सतरा वेळा मागं पाहून ओरडायची, हे करा, ते झाका. मी वाट पाहत होतो, आता काच खाली करंल. गाडी निघाली, सरळ गेली, काच खाली झाली नाही. तिनं मागं पाहिलं नाही. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. मी तसाच उभा राहिलो.

वळणावर धानाच्या तणसानं भरलेली ट्रॉली रुतली होती. दिनेशला वाट मिळेना. गाडी फिरवून तो पुन्हा आमच्याच घरावरून दुसऱ्या रस्त्याला आला, हळूहळू, कारण गल्ली अरुंद. मी पुढं झालो. मनात म्हटलं, आता खिडकी वाजवतो, काहीतरी बोलतो, तिचं बोलणं ऐकतो. हात वर पण केला.

ती झोपली होती. सुनेच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड थोडं उघडं, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला. गेल्या तीन महिन्यांत तिला धड झोप नव्हती. मी रोज पाहत होतो, कूस बदलायची, उठून बसायची, कारध्याच्या अंगावर हात ठेवून अंधारात पाहायची. आणि आता घर सोडून शंभर पावलं झाली नाहीत तर ती गाढ झोपली होती, पोरीसारखी.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं, उठवू का, असं डोळ्यांनी विचारलं.

मी हात खाली घेतला. कारध्या ओढ घेत होता, त्याच्या तोंडावर हळूच हात ठेवला, भुंकू नये म्हणून. गाडी माझ्या अंगाला घासून गेल्यासारखी जवळून गेली, आणि तिची झोप मोडली नाही.